लाल पट्टीखालचं बटण

१

बोट पुरती बुडाली नाही, एवढंच काय ते नशीब. सकाळी धक्क्यावरच्या रखवालदाराला ती शेजारच्या बोटींपेक्षा बरीच खाली बसलेली दिसली. फाटकावरची चावी आणून त्याने केबिनचं दार उघडलं, तर आत गाद्या तरंगत होत्या आणि चहाचं पातेलं त्यांच्यामधून निवांत फेऱ्या मारत होतं. त्याने आरडाओरडा केला, चार माणसं धावली, कुणी बादली आणली, कुणी शेजारच्या बोटीवरचा पंप ओढत आणला. दुपारपर्यंत ती पुन्हा आपल्या उंचीला आली.

बोट माझ्या भावजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. धक्क्यावर त्यांना सगळे तात्या म्हणतात. बहीण गेल्यापासून ते घरी फक्त झोपतात आणि बोटीवर राहतात, असं मी त्यांना चिडवत असते. जुनी शिडाची बोट आहे. इंजिनाच्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून थोडं पाणी कायम आत ठिबकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तळाशी पंप आहे, पाणी साठलं की आपोआप सुरू होतो आणि बाहेर फेकतो. फक्त त्याचं बटण चालू असायला हवं.

ते बंद होतं.

हे सगळं मला माझ्या भाच्याने फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मावशी, बाबांचं डोकं आता काम देत नाही. तूच समजाव त्यांना."

"डोकं काम देत नाही म्हणजे काय रे?"

"बटण चालू करायला विसरले. आणि वर म्हणतात, मी सांगितलं होतं. जिला सांगितलं म्हणतात ती म्हणते, मला कुणी काही सांगितलंच नाही. रविवारी धक्क्यावरचे शिडवाले बोट घेऊन जाणार आहेत, बाबा माझ्याकडे राहायला येतील. ठरलंय सगळं."

"कुणी ठरवलं?"

"बाबांनीच," तो म्हणाला.

इथे मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. भावजी आणि आपणहून बोट सोडणार? मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात उभी हयात घालवली. पेटलेली गोदामं, पळवलेल्या गाड्या, नसलेले दागिने, सगळं बघितलं. माणूस खोटं बोलायला लागला की मला दोन वाक्यांत वास येतो. निवृत्त होऊनही ती खोड गेलेली नाही, आणि जित्याची खोड कशी जाते हे आपल्याला ठाऊकच आहे. पिशवी उचलली आणि निघाले.

२

भावजी खिडकीपाशी शाल गुंडाळून बसले होते. ताप उतरला होता, पण तोंड उतरलेलंच होतं.

"आलीस? तो दिवा लाव गं, तुझं तोंड तरी दिसू दे."

मी दिवा लावला आणि समोर बसले. "काय ऐकतेय मी? बोट देताय म्हणे?"

"देतोय."

एवढंच म्हणाले. माझ्याशी वाद नाही, भाच्याला शिव्या नाहीत. हा माणूस दोरीच्या एका गाठीवरून अर्धा दिवस भांडू शकतो!

"नीट सांगा बघू. पहिल्यापासून."

त्यांनी सांगितलं ते असं. बोटीवरच्या विजेच्या पॅनेलची बटणं जुनी झाली होती, म्हणून ठिणगीला बोलावलं होतं. ठिणगी म्हणजे धक्क्यावरची वायरमन पोरगी. शिकायला लागली तेव्हा जिथे हात लावील तिथे ठिणगी पाडायची, म्हणून ते नाव पडलं. आता तिच्यासारखं काम दुसरं कुणी करत नाही, तरी नाव काही सुटलं नाही. ती बटणं बदलत असताना भावजींना थंडी वाजून आली. तिला बोटीवर सोडून ते घरी आले. आल्यावर आठवलं, कामासाठी पंप बंद केलाय. लगेच फोन करून तिला पंप चालू ठेवायला सांगितलं. संध्याकाळी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग ताप चढला आणि पुढचे काही दिवस अंथरुणातच गेले.

"आणि ती म्हणते, सांगितलंच नाही?"

"हो."

"म्हणजे खोटं बोलतेय."

"ती पोरगी खोटं बोलत नाही," भावजी म्हणाले. "मी तिला लहानपणापासून बघतोय. मग उरलं कोण? मीच. सांगितलं असं मला नुसतं वाटतंय. स्वप्नातही सांगितलं असेन, कुणी सांगावं! मागे नळ उघडा राहून स्वयंपाकघरात पाणी झालं होतं, तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही. आपण काय बोललो हेच ज्याला आठवत नाही, त्याने बोट पाण्यात घालू नये. आपणही जायचं आणि सोबतच्यांनाही न्यायचं."

मग हळूच म्हणाले, "भीती वाटते गं."

बहीण गेली तेव्हाही हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. बोटीचं जे व्हायचं ते होवो. पण या माणसाला आपल्याच डोक्याची भीती वाटावी, हे मी चालवून घेणार नव्हते. रविवार परवावर आला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच धक्का गाठला. बोटीच्या कठड्यावर गाद्या वाळत पडल्या होत्या. केबिनमध्ये ओल्या लाकडाचा वास मारत होता आणि पायऱ्यांशेजारच्या पॅनेलपुढे ठिणगी मांडी घालून बसली होती. पॅनेल उंचावर असल्यामुळे पाणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं, बॅटरीही वाचली होती.

"मावशी, तात्या कसे आहेत?" पहिला प्रश्न तिने हाच विचारला. डोळे सुजलेले होते.

"आहेत. तुझं काम दाखव मला."

काम म्हटल्यावर तिचा चेहरा जरा फुलला. "जुनी बटणं वाईट नसतात, मावशी, दमलेली असतात. खारी हवा आत शिरते, पितळ हिरवं पडतं, स्प्रिंग ढिली होते. मग माणूस ती दांडी हलवत बसतो आणि दिवा कधी लागतो, कधी नाही. जी घासूनपुसून वाचतात ती ठेवते. बाकीच्यांच्या जागी नवीन. हे लावलं, हे लावलं, ती दोन अजून लावायचीत. वायरचं टोक काळं पडलं असेल तर ते कापून नवीन टोक दाबून बसवते, नाहीतर नवीन बटण लावूनही उपयोग काय?"

खालच्या ओळीतलं शेवटचं बटण पंपाचं होतं. नवं कोरं. दांडी खाली, म्हणजे बंद, आणि तिच्यावरून लाल चिकटपट्टी आडवी चिकटवलेली.

"ही पट्टी कसली?"

"माझी सवय आहे. काम झालं की बटण बंद ठेवायचं आणि वरून पट्टी. मालकाने येऊन बघायचं, आपल्या हाताने पट्टी काढायची आणि चालू करायचं. मी कुणाच्याही बोटीवर स्वतःहून काही चालू ठेवून जात नाही. माझ्या गुरूंनी तसंच शिकवलंय."

"पाणी काढताना याला कुणी हात लावला?"

"कुणी नाही. ओल्या बोटीत विजेला हात लावायला सगळे घाबरत होते."

मी चष्मा चढवून पट्टी न्याहाळली. सपाट बसली होती, कुठे सुरकुती नाही, कडेला धूळ नाही. हळूच सोलली आणि पुन्हा चिकटवून बघितली. लगेच कडा वर आल्या, माझ्या शालीचे तंतू अडकले, आंधळ्यालाही कळलं असतं की ही एकदा निघालेली आहे.

"आता चालू कर."

ठिणगीने दांडी वर केली आणि तळात हात घालून पंपाचा तरंगता गोळा उचलला. पंप घरघरला. म्हणजे पंप ठीक, वायरिंग ठीक, बटण ठीक.

"तात्यांनी तुला पंप चालू ठेवायला सांगितलं होतं का?"

"नाही, मावशी. देवाशपथ नाही." तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. "दुपारी फोन आला होता. काम सांगितलं, ते मी केलं. संध्याकाळी विचारलं, झालं का, तर झालं म्हटलं. पंप चालू ठेव असं म्हणाले असते तर ठेवला नसता का मी? मला वाटलं, सकाळी येतील आणि पट्टी काढतील. ते आजारी पडले हे मला ठाऊकच नव्हतं."

मी नाक फुलवून वास घेतला. खोट्याचा वास नव्हता.

४

तरी इतरांना सोडायचं नाही, हा माझा नियम. शेजारच्याच गाळ्यात शिडवाले कापड पसरून बसले होते. फाटलेली शिडं शिवून देतात. भावजींच्या बोटीवर त्यांचा कित्येक वर्षांपासून डोळा आहे.

"तुम्ही तात्यांच्या बोटीवर चढला होतात म्हणे," मी अंधारात दगड टाकला.

शिडवाल्यांच्या हातातली सुई थांबली. "दोऱ्या सैल झाल्या होत्या. ओढून बांधल्या. केबिनमध्ये गेलो नाही. चावीच नाही माझ्याकडे."

"बोट बुडाली असती तर स्वस्तात मिळाली असती."

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "मला बोट हवी आहे, ओंडके नकोत. आणि खरं सांगू? ही अशी मिळावी असं नव्हतं वाटलं. तात्या काल चावीबद्दल बोलायला आले, तेव्हा माझ्याकडे बघतही नव्हते."

संध्याकाळी भाच्याला गाठलं. त्याच्याकडे दुसरी चावी आहे. "तू बोटीवर कधी गेला होतास?" विचारल्यावर साहेब आधी आकाशाकडे, मग बुटांकडे बघायला लागले. चोराच्या मनात चांदणं!

"फोटो काढायला गेलो होतो," शेवटी कबूल झाला. "बाबांना ताप होता तेव्हा. बोट विकायची झाली तर दाखवायला हवेत ना फोटो. पण कशाला हात लावला नाही, मावशी. तेव्हा फळ्यांवर पाणीही दिसत नव्हतं."

"बाप तापाने फणफणलाय आणि तू त्याच्या बोटीचे फोटो काढतोस? लाज नाही वाटली?"

"वाटली," तो म्हणाला. "पण त्यापेक्षा काळजी जास्त वाटली. एकटे जातात पाण्यात. उद्या परत आलेच नाहीत तर मी कुणाकडे बघू?"

त्याच्या आवाजात पाणी होतं. याच्यावर रागावायला आले होते, ते जमेना. आणि मुख्य म्हणजे त्याने दाखवलेल्या फोटोंमध्ये पॅनेलही होतं, आणि पॅनेलवर लाल पट्टी होती, आज सकाळी होती तशीच.

घरी येऊन मी विचार केला. पट्टी मी सोलेपर्यंत कुणी काढली नव्हती. म्हणजे शिडवाल्यांनी बटण बंद केलं नाही, भाच्यानेही नाही. पंप बिघडला नव्हता. बटण ठिणगीने बंद ठेवलं ते तसंच राहिलं. आता दोनच शक्यता. एक तर भावजींनी सांगूनही ती विसरली आणि आता नाकबूल करतेय. किंवा भावजींनी सांगितलंच नाही.

आणि ठिणगी खरं बोलत होती. माझं नाक सांगत होतं.

चहा गार झाला तरी तशीच बसून राहिले. सगळ्यांना वाचवायला निघाले होते आणि फिरून फिरून भावजींच्याच दारात येऊन उभी राहिले. त्यांचं डोकं खरंच काम देईनासं झालं होतं की काय?

५

रविवारी सकाळी पुन्हा बोटीवर गेले ती काही उमेद घेऊन नव्हे. शिडवाले दुपारी यायचे होते. त्याआधी राहिलेलं काम संपवायला ठिणगी आली होती. बाहेर ढग भरून आले होते, केबिनच्या बारीक खिडक्यांमधून जेमतेम उजेड येत होता, आणि ती पोरगी नाक पॅनेलला टेकवून वायर सोलत होती. मांडीवर डबा, डब्यात नवीन बटणं.

"डोळे फोडून घेशील," मी ओरडले. "आधी ते दिव्याचं बटण लाव बघू!"

"लावते," ती म्हणाली.

आणि तिने काय करावं? डब्यातून एक नवीन बटण उचललं, पाना घेतला, आणि पॅनेलवरच्या दिव्याच्या जुन्या बटणाची चकती फिरवायला लागली.

"अगं, हे काय करतेस?"

"लावतेय की," ती गोंधळून म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, दिव्याचं बटण लाव."

मी तिच्याकडे बघत राहिले. मग मटकन समोरच्या ओल्या बाकावर बसले. दोन दिवस मी साप साप म्हणून भुई धोपटत होते!

"पोरी," मी म्हटलं, "त्या दिवशी दुपारी फोनवर तात्या काय म्हणाले? तुला काय कळलं ते नको. त्यांचे शब्द सांग."

ती आठवायला लागली. मग तिच्या हातातला पाना डब्यात पडला.

६

तासाभरात मी सगळ्यांना बोटीवर गोळा केलं. भावजी यायला तयार नव्हते. "बोटीचा निरोप घेऊन झालाय माझा," म्हणाले. त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. भाचा पायरीवर बसला, ठिणगी पॅनेलपाशी उभी राहिली.

"माझी आयुष्यभराची सवय खोटं शोधायची," मी सुरुवात केली. "म्हणून इथेही तेच शोधत बसले. पण इथे कुणी खोटं बोललंच नाही. भावजी, तुम्ही मला सांगितलंत, ठिणगीला पंप चालू ठेवायला सांगितलं. जन्मात कधी 'चालू' म्हणता का हो तुम्ही? परवा मी आले तेव्हा काय म्हणालात? दिवा लाव. पंखाही लाव, रेडिओही लाव. तर त्या दिवशी फोनवर नेमकं काय म्हणालात ते सांगा. जसंच्या तसं."

भावजींनी कपाळ चोळलं. "म्हटलं… पंपाचं बटण लाव."

"ठिणगे, तुला काय सांगितलं तात्यांनी?"

"पंपाचं बटण लाव," ठिणगी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

भाचा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "मग? सांगितलं होतं ना? मग लावलं का नाही?"

"लावलं ना!" मी म्हटलं. "तेच तर सांगतेय. हिच्या मांडीवर नव्या बटणांचा डबा. जुनी काढायची आणि नवीन लावायची, दिवसभर दुसरं काम नाही. आणि मालक फोन करून सांगतो, पंपाचं बटण लाव. हिने जुनं काढलं, नवीन लावलं, शिकवलंय तसं बंद ठेवलं, वर पट्टी मारली. संध्याकाळी मालक विचारतो, लावलंस का? ही म्हणते, लावलं. मालक निश्चिंत, हीही निश्चिंत. दार लावलं की बंद होतं, दिवा लावला की पेटतो, आणि नवीन बटण लावलं की ते नुसतं पॅनेलवर बसतं! एका शब्दाचे तीन अर्थ, त्यातले दोन इथे भेटले आणि बोट खाली बसली. नंतर आपण प्रत्येकाला विचारलं तेव्हा प्रत्येकाने आपल्याला कळलेला अर्थ सांगितला, ऐकलेले शब्द कुणी सांगितलेच नाहीत. मीही विचारले नाहीत. ती चूक माझी."

"तात्या, मी एकदा विचारायला हवं होतं," ठिणगी हुंदके देत म्हणाली. "चालू ठेवू का, एवढं जरी विचारलं असतं…"

भावजींना ते ऐकूच आलं नसावं. ते पॅनेलकडे बघत होते.

"म्हणजे मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतंत."

"आणि संध्याकाळी विचारलंही होतं."

"विचारलंही होतंत. तापात असूनसुद्धा."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत, पण हसत नव्हते. ठिणगी स्वतःचं रडणं विसरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. बाहेर दोऱ्या करकरत होत्या.

शेवटी भाचाच बोलला. त्याचा आवाज खाली आला होता. "बाबा, चुकलं माझं. पण… पुढच्या वेळी खरंच विसरलात तर?"

मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. पण भावजींनी तोंडावरचे हात काढले आणि त्याच्याकडे नीट बघितलं. रागाने नव्हे.

"तर विसरेन," ते म्हणाले. "माणूस म्हातारा होतो रे. तेव्हा तू मला सांग, बाबा, आता पुरे. मी ऐकेन. शब्द देतो. आणि तोवर काळजी वाटली तर सोबत ये, जागा आहे. पण मी विसरायच्या आधीच मला विसरलेला ठरवू नकोस. तुझ्या मागोमाग मीही तेच ठरवून बसलो होतो. या आठवड्यात रोज सकाळी उठल्यावर आधी स्वतःचं नाव मनात म्हणून बघायचो. आठवतंय का म्हणून."

भाच्याने मान खाली घातली. मग पुढे होऊन बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या दोघांनी एकमेकांना हात लावलेला मी बहिणीच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच बघितला.

भावजींनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि माझ्यापुढे हात पसरला. "फोन दे गं तुझा. माझा घरी राहिला."

"राहिला की विसरलात?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

भाच्याने चमकून माझ्याकडे बघितलं. मग भावजी जे काही हसले, ते पार ठसका लागेपर्यंत. हसतच त्यांनी शिडवाल्यांना फोन लावला.

"मी तात्या बोलतोय. दुपारी येऊ नका, बोट द्यायची नाही. … हो, ठरवलं होतं, आता बदललं. … नाही नाही, ताप उतरला. … अहो, हो. पूर्ण शुद्धीवर आहे मी."

ते शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. शिडवाल्यांनी पुन्हा विचारलं होतं म्हणून नव्हे, त्यांना स्वतःलाच ते ऐकायचं होतं.